मोठ्या माणसांच्या सवयींतून नेमकं उचलायचं काय?

कोयकलम (लांजा)

मंडळी, थोडी मदत हवी आहे. शाळा सुरू झाल्या की आमच्या वाचनालयात दहावी-बारावीच्या मुलांसाठी गप्पांचा कार्यक्रम असतो. यंदाचा विषय 'यशस्वी माणसांच्या सवयी', आणि ग्रंथपालबाईंनी बोलायला मलाच धरलंय. मी नर्सरीवाला माणूस, आंब्या-काजूची कलमं विकतो. पण बाईंचं म्हणणं, एवढी चरित्रं घरी नेता, तर त्यातलं काहीतरी बाहेर काढा.

विषय ऐकून माझ्या कपाळाला आठी पडली. या नावाखाली मोबाईलवर जे फिरतं ते मला मुलांपुढे वाचायचं नाही. पहाटे चारला उठा, गार पाण्याने अंघोळ करा, ध्येय वहीत लिहा, नकारात्मक माणसांपासून लांब राहा. अहो, पहाटे चारला उठणारी माणसं आपल्याकडे काय कमी आहेत? होडीवर जाणारा उठतो, पहिल्या एस्टीचा ड्रायव्हर उठतो, दूध घालणारी बाई उठते. चारला उठून माणूस मोठा होत असता तर अख्खी किनारपट्टी मोठी झाली असती.

तरी विषय टाकाऊ आहे असंही वाटत नाही. माझ्या डोक्यात सगळ्यात आधी येतात ते पांडुरंग वामन काणे. जन्म १८८०, चिपळूणजवळच्या पेढे गावचा, परशुरामच्या पायथ्याशी. वडील दापोलीत वकील, शाळाही दापोलीचीच, पुढे मुंबईत हायकोर्टात वकिली. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ते काम सुरू कसं झालं ते मजेशीर आहे. 'व्यवहारमयूख' या जुन्या ग्रंथाची आवृत्ती काढत होते आणि तिला प्रस्तावना म्हणून धर्मशास्त्राचा थोडा मागोवा जोडायचा बेत होता. तो मागोवा वाढत गेला. पहिला खंड निघाला १९३० साली, म्हणजे काणे पन्नाशीत. मग १९४१, १९४६, १९५३ आणि पाचवा पुरा होईपर्यंत १९६२ उजाडलं. साडेसहा हजारांच्या आसपास पानं. शेवटी वय ब्याऐंशी. मधे वकिली चालूच, मुंबई विद्यापीठाचं कुलगुरूपदही होऊन गेलं. भारतरत्न १९६३ चं.

आता यातून मुलांना काय सांगू? 'चिकाटी' म्हटलं की पोरं जांभया देतात. मला दिसतं ते एवढंच, की साडेसहा हजार पानांचा संकल्प त्यांनी केलाच नव्हता. हातातली प्रस्तावना नीट व्हावी एवढाच आग्रह होता. 'ध्येय मोठं ठेवा' म्हणणाऱ्यांना हे उदाहरण सोयीचं नाही.

तुम्हाला कोणाचं काय उचलावंसं वाटलं, आणि उचललेलं वापरात आलं का, ते लिहा. उपदेश नको, माल द्या.

खाडीपलीकडे (दाभोळ)

वाचतोय. चहा घेऊन पहिल्या बाकावर बसलोय.

तात्या_दापोलीकर

काण्यांचं नाव घेतलंत, आता दापोलीकर गप्प बसायचा नाही. आमच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे. (पर्यटकांनो, जंजिऱ्याचं मुरूड वेगळं. हे हर्णैच्या शेजारचं.)

शाळेत कर्व्यांचा धडा शिकवताना सगळ्यांना रंगवून सांगायला आवडतो तो प्रसंग म्हणजे साताऱ्याची पायपीट. सहावीच्या परीक्षेसाठी मुरूडहून निघाले, दिवस पावसाचे, घाट चढून चालत सातारा गाठला. आणि तिथला परीक्षक म्हणाला, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस. बसूच दिलं नाही. आले तसे परत.

इथे धड्यात 'जिद्द' येते आणि तास संपतो. मला मात्र पुढचं महत्त्वाचं वाटतं. पुढल्या खेपेला कोल्हापूरला जाऊन परीक्षा दिली आणि पास झाले. म्हणजे केंद्र बदललं. आमच्यातला एखादा असता तर त्याच साताऱ्याला, त्याच साहेबापुढे, 'दाखवतोच तुला' म्हणून उभा राहिला असता. कोकणी माणसाचा अर्धा जन्म कोर्टात बांधाच्या भांडणात जातो तो याच पायी. (माझ्या घरातलीच तारीख पुढल्या महिन्यात आहे, म्हणून बोलतोय.)

दुसरी गोष्ट पैशाची. शिकवण्या करून गुजराण चालली होती तेव्हापासून कमाईतला थोडा वाटा दानधर्माला बाजूला काढायची त्यांची रीत होती. पुढे गावासाठी 'मुरूड फंड' काढला, त्यातही कल्पना हीच: ज्याने त्याने आपल्या मिळकतीतला थोडा भाग द्यायचा. 'हातात चार पैसे खुळखुळू देत, मग करू' असं म्हणून थांबले नाहीत. १८९६ ला विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ ला महिला विद्यापीठ. ज्याला बुजरा म्हणून लोक ओळखत त्या माणसाने दारोदार वर्गणी मागितली. बुजरेपणा गेल्यावर मागितली असं मला वाटत नाही. तो असतानाच मागितली असणार.

मुलांना हे सांगा. आत्मविश्वास येण्याची वाट बघत बसलेली फार मुलं मी बघितली.

सुरंगी (गुहागर)

तात्या, नमस्कार. कर्व्यांबद्दल आदर आम्हालाही आहे, पण त्यांच्या घरात बाया कर्वे होत्या हे कधी लिहायचं? मूळच्या गोदूबाई. स्वतः बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या, १८९३ ला कर्व्यांशी लग्न. नवरा साठवलेलं आश्रमाला देऊन टाकतोय आणि घरात पोरंबाळं आहेत, अशा संसाराची रोजची भाजी कुठून येत असेल? 'महर्षींचा त्याग' या धड्यात त्यागाची निम्मी पावती बायांच्या नावाने फाटायला हवी.

दुसरं उदाहरण देते. बाबासाहेब आंबेडकर. मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, लहानपणी काही काळ दापोलीत. पुढे मुंबईला परळच्या चाळीत एका खोलीत सगळं कुटुंब. रात्री दोनला उठून ते अभ्यास करायचे, हे सगळ्यांना ठाऊक असतं, शाळेच्या भिंतीवरसुद्धा लिहिलेलं असतं. त्यांना उठवायचं कोण? वडील, रामजी सुभेदार. खोलीत सगळ्यांना आडवं व्हायला जागा नाही, म्हणून मुलगा लवकर झोपायचा, वडील दोनपर्यंत जागायचे, मग त्याला उठवून त्याच्या जागेवर झोपायचे. दोनला उठणं ही मुलाची सवय म्हणून आपण सांगतो. दोनपर्यंत जागणारा बाप कुणी भिंतीवर लिहीत नाही.

माझं गुहागरला घरगुती जेवणा-राहण्याचं आहे. पाहुण्यांत हल्ली एक जमात वाढलीय, पहाटे पाचला उठून 'स्वतःसाठीचा तास' पाळणारी. झोपाळ्यावर मांडी घालून बसतात, डोळे मिटतात, वहीत लिहितात. चांगलंय, पाळा. फक्त त्यांना पावणेपाचला आलं घातलेला चहा लागतो. म्हणजे मी सव्वाचारला उठायचं. माझा तास कुठल्या पुस्तकात आहे हो?

तेव्हा कोयकलम, कार्यक्रमाला पालकांनाही बोलवा, आणि 'मुलांनी कोणत्या सवयी लावाव्या' याच्या आधी 'घराने कोणती कामं वाटून घ्यावी' ते बोला.

कोयकलम (लांजा)

सुरंगीताई, हे लिहून घेतलं. रामजींची गोष्ट मला माहीत होती, पण या बाजूने कधी बघितली नव्हती.

मिरगाचा_पाऊस (संगमेश्वर)

ताईंचा मुद्दा आणखी थोडा ओढतो. धाग्यात आतापर्यंत आलेली नावं बघा. काण्यांचे वडील वकील. आणखी कोणीतरी टिळकांचं नाव घेईलच, तर त्यांचे वडील शिक्षक. घरात पुस्तक होतं, परीक्षा म्हणजे काय ते सांगणारं कोणी होतं. त्याच काळात याच गावांत ज्यांच्या हाती पाटी द्यायलाच कोणी तयार नव्हतं त्यांच्या सवयी वाईट होत्या का? बाबासाहेबांचं उदाहरण म्हणूनच वेगळं काढून सांगावं लागतं. आणि तिथेही वडील लष्करी शाळेत शिक्षक होते, हे विसरू नये. सवयी जरूर शिकवा, पण सवयीने सगळं होतं असं मुलांच्या डोक्यात भरवू नका. ज्याला जमलं नाही तो मग स्वतःलाच बोल लावत बसतो.

चाकरमानी८४ (डोंबिवली, मूळ राजापूर)

झालं! धागा कोकणातला, म्हणजे तिसऱ्या पानाच्या आत परिस्थिती येणारच. परिस्थिती होतीच हो. पण त्याच परिस्थितीत दोन भाऊ दोन तऱ्हेचे निघतात ना?

माझं उदाहरण परप्रांतातल्या माणसाचं आहे, पण त्याने आपल्याला दिलंय भरपूर. ई. श्रीधरन. १९६४ च्या वादळात पांबनचा रेल्वेपूल मोडला, दुरुस्तीला सहा महिन्यांची मुदत, याने ४६ दिवसांत गाड्या चालू केल्या. १९९० ला रेल्वेतून निवृत्त झाला आणि मग कोकण रेल्वे अंगावर घेतली. जवळजवळ ७४० किलोमीटर, रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत. रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल ६४ मीटर उंच, करबुडेचा बोगदा साडेसहा किलोमीटर. पुढे दिल्ली मेट्रोत त्याने उलटी घड्याळं लावली, काम पुरं व्हायला किती दिवस उरले ते दाखवणारी. मी ऑफिसात माझ्या टेबलावर असा उलटा आकडा लिहून ठेवतो. किती दिवस गेले यापेक्षा किती उरले हे डोळ्यासमोर असलं की मिटिंगा आपोआप आखूड होतात. हे उचललेलं आहे आणि वापरात आहे. घ्या माल.

मिरगाचा_पाऊस (संगमेश्वर)

माल चांगला आहे. फक्त अर्धाच आणलात. कोकण रेल्वेची ठरलेली मुदत पाळली गेली नव्हती. उद्घाटन झालं २६ जानेवारी १९९८ ला. गोव्यात पेडण्याच्या बोगद्यात ओली माती सारखी खाली येत होती, त्या एका बोगद्याला सहा वर्षं लागली. श्रीधरन तेच, शिस्त तीच. माती वेगळी.

चाकरमानी८४ (डोंबिवली, मूळ राजापूर)

मान्य. पण पेडण्याचा बोगदा सोडून दिला नाही, आणि त्याच्यासाठी बाकीची लाईनही अडवून ठेवली नाही. जिथे रूळ तयार झाले तिथे गाड्या सोडत गेले. आमच्याकडे एक काम अडलं की चार कामं त्याच्या नावावर झोपतात. हेही उचला की.

बांगडा (मालवण)

आचरेकर सर आमच्या मालवणचे, ह्यां कोणाच्याच ध्यानात येवक नाय? रमाकांत आचरेकर. एक रुपयो स्टंपार ठेवायचे. जो सचिनाक आउट करीत तेका तो रुपयो, नायतर सचिनाचो. असे तेरा रुपये तेंडुलकरान जपान ठेवले आसत.

बाकीचा प्रमाण भाषेत लिवतंय, नायतर संपादक कान पकडतले.

या गोष्टीत लोक नाण्याकडे बघतात. मी वेळेकडे बघतो. तो रुपया सराव संपत आल्यावर ठेवला जायचा, पोरगं दमलेलं असताना. ताज्या दमात कोणीही बरं खेळतो. दुसरं, आचरेकर स्वतः एकच प्रथम श्रेणी सामना खेळले. आज अकादमी काढणारा आधी स्वतःचे फोटो लावतो. यांनी शिवाजी पार्कवर पोरं घडवली, स्कूटरवर मागे बसवून एका मैदानातून दुसऱ्या मैदानात नेलं, एका दिवसात जास्त डाव खेळायला मिळावेत म्हणून. द्रोणाचार्य पुरस्कार १९९० चा.

तेंडुलकरांकडून उचलायचं तर माझ्या लेखी एकच डाव. जानेवारी २००४, सिडनी. त्या दौऱ्यात ऑफ स्टंपाबाहेरचा चेंडू ड्राइव्ह करायला जाऊन आउट होत होता. त्या डावात कव्हर ड्राइव्ह मारायचाच नाही असं ठरवून उतरला आणि नाबाद २४१. लोकांना वाटतं मोठा माणूस म्हणजे काहीतरी जास्तीचं करणारा. मी तो डाव बघून हॉटेलातल्या मेन्यूतून चायनीज काढून टाकलं. आता नुसतं मालवणी. गल्ला वाढलेलो आसा.

सुरंगी (गुहागर)

बांगडादादा, सिडनीतून चायनीजपर्यंत फक्त मालवणी माणूसच जाऊ शकतो.

रातांबा (कुडाळ)

मी वयाने तुमच्या सगळ्यांपेक्षा लहान, त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या. सध्या अभ्यासिकेत बसून राज्यसेवेची तयारी करतो. माझ्या शेजारच्या टेबलावर पहिल्या आलेल्यांच्या मुलाखतींची कात्रणं चिकटवलेली आहेत. एक म्हणतो बारा तास अभ्यास, एक म्हणतो सहाच पण मन लावून. एकाने मोबाईल बंद ठेवला, दुसऱ्याने सगळा अभ्यास मोबाईलवरच केला. मी कोणाचं ऐकू?

चिंतामणराव देशमुख महाडजवळच्या नाते गावचे, १९१२ ला मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले, १९१८ ला आयसीएसला पहिले, पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मी त्यांच्याबद्दल वाचताना तेसुद्धा वेळापत्रक शोधत होतो. मग मला एक प्रश्न पडला तो इथे विचारतो. जे बारा तास बसले, मोबाईल बंद ठेवला, सगळं अगदी तसंच केलं आणि नापास झाले, त्यांची मुलाखत कोणी घेतली नाही. मग त्या सवयीमुळे पहिला आलेला पहिला आला हे कशावरून?

आमच्या अभ्यासिकेत असे दोघंतिघं दादा आहेत. एकाची वयोमर्यादा संपली. त्याच्याइतक्या शिस्तीत बसणारा मी दुसरा बघितला नाही.

तात्या_दापोलीकर

रातांबा, धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुझा. आणि माझ्याकडे त्याचं छापील उत्तर नाही.

मास्तर म्हणून इतकंच सांगतो. कात्रणातला माणूस तुझ्यापुढे नसतो, त्याला उलट प्रश्न विचारता येत नाही. शेजारचा दादा पुढ्यात आहे. त्याला विचार, कुठल्या पेपरात किती गुण पडत होते, कुठे अडत होतं, पुन्हा बसलास तर काय सोडशील. त्याला वाईट वाटेल म्हणून कोणी विचारत नाही, आणि कोणी विचारत नाही म्हणून त्याला जास्त वाईट वाटतं. बरोबर वडापाव घेऊन जा.

खाडीपलीकडे (दाभोळ)

चहा संपला, आता लिहितो. बेंजामिन फ्रँकलिन या अमेरिकन गृहस्थाने तेरा गुणांची यादी केली होती. मितभाषीपणा, काटकसर, उद्योगीपणा वगैरे. वहीत रकाने आखायचे, आठवडाभर एका गुणावर नजर ठेवायची, चूक झाली की काळा ठिपका. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार. आज मोबाईलवर सवयी मोजणारी जी ॲप आहेत ती सगळी याचीच नातवंडं. पण त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की 'व्यवस्थितपणा' हा गुण त्याला शेवटपर्यंत जमला नाही. कागदपत्रं कायम पसरलेली. मला त्या तेरा गुणांपेक्षा हे कबूल करणं फार आवडलं. माझ्या वहीतही व्यवस्थितपणाचा रकाना आहे. वही कुठे आहे ते विचारू नका.

दर्यावरची (हर्णै, सध्या रत्नागिरी)

पहिल्यांदाच लिहितेय. तात्यांनी 'पुढ्यातला माणूस' म्हटलं म्हणून धीर झाला.

माझे बाबा तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख होते. पावसाळ्यात मासेमारी बंदीच्या दिवसांत होडी वर ओढलेली असायची आणि आमच्या खळ्यात जाळी पसरलेली. बाबा फाटलेलं जाळं कधी लगेच शिवायला घेत नसत. आधी ते भोक दोन्ही हातांनी ताणून धरत आणि खलाश्याला विचारत, हे कुठलं? कापल्यासारखी कड असली तर खडकाची. धागे पिंजलेले असले तर ओढताना जोर चुकला. काही भोकं माशांनीच केलेली. प्रत्येक भोकाची जागा ठरेपर्यंत सुई हातात घ्यायची नाही. आम्हा पोरांना कंटाळा यायचा, कारण एका जाळ्याला सकाळ जायची. शेजारच्यांची तीन शिवून व्हायची.

मी आता एका पतपेढीत हिशेब तपासते. फरक निघाला की बाकीचे रक्कम जुळवून मोकळे होतात. मी आधी ते भोक ताणून बघते. साहेब वैतागतात. बाबांनी मला 'ही सवय लाव' असं एकदाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी लावली नसती, एवढं नक्की.

चाकरमानी८४ (डोंबिवली, मूळ राजापूर)

दर्यावरची, स्वागत. लिहीत जा. (साहेबांना वैतागू दे.)

कोयकलम (लांजा)

ताई, तुमचं वाचून मी आमच्या आबांबद्दल लिहायला बसलो. ते आमच्या नर्सरीत कलमं बांधतात. शिक्षण चौथी. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं आज दोन-तीन तालुक्यांत नर्सऱ्या चालवतात.

कोयकलम ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रायवळ, म्हणजे गावठी आंब्याची कोय रुजत घालायची. कोंब वर येतो, पानं अजून तांबूस असतात, तेव्हाच तो वरून कापायचा आणि मधोमध उभी चीर द्यायची. हापूसच्या झाडावरची पक्की काडी घ्यायची. तिची पानं आठ-दहा दिवस आधीच छाटून नुसते देठ ठेवलेले असतात, म्हणजे डोळा फुगतो. काडीचं टोक दोन्ही बाजूंनी पाचरीसारखं तासायचं, चिरेत बसवायचं, प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळून बांधायचं. ऐन पावसात, हवेत ओल असताना.

बांधायला बसलेले आबा बघायला लोक येतात. चाकू एकदाच फिरतो, तासलेला भाग आरशासारखा गुळगुळीत. सगळ्यांचं लक्ष हातांकडे. मीही सुरुवातीला तेच बघायचो. त्यांची खरी करामत त्याच्या आधी होऊन गेलेली असते. सकाळी आल्याआल्या ते नवीन काडीला हात लावत नाहीत. आधीच्या आठवड्यातल्या पिशव्यांच्या रांगेत उकिडवे बसतात आणि मेलेली कलमं बाजूला काढतात. एकेकाची पट्टी सोडतात. आतला काप बघतात, बोटाने चाचपतात, हुंगतात. काळा पडला असला तर पाणी शिरलं. नुसता सुकला असला तर काडी जुनी होती. जोड एका बाजूनेच धरला असला तर चीर वाकडी. मग कोणालाही काही न बोलता त्या दिवसाचं काम सुरू. चाकू हातात असेपर्यंत तोंड बंद, तंबाखूसुद्धा नाही.

आणि काड्या टाकून देतात. शंभर काड्या आणून दिल्या तर बऱ्याचशा नापसंत. मला पैसे दिसतात, त्यांना जाडी दिसते. कोंब आणि काडी एका जाडीची नसली तर त्यांच्या लेखी ती काडी कितीही चांगल्या झाडाची असो, फुकट. तेंडुलकरांची काडी माझ्या कोंबावर बसायची नाही, एवढं मला यातून कळतं. श्रीधरनची कदाचित बसेल, थोडी तासून.

रातांबाच्या प्रश्नाचंही मला यात काहीतरी दिसतं. आबा जगलेली कलमं उघडून बघत नाहीत. बघितली तर ती मरतील.

रातांबा (कुडाळ)

काका, शेवटची ओळ वाचून थांबलो. त्या दादाशी काल बोललो. वडापाव नेला होता. तो दोन तास बोलत होता आणि मी वहीत लिहून घेतलं. निबंधाच्या पेपरात त्याला दर वेळी कमी पडायचे, पण त्याचे निबंध कधी कोणी तपासलेच नव्हते, कारण लायब्ररीत सगळे वस्तुनिष्ठ प्रश्नच सोडवतात. आता आम्ही दोघं आठवड्याला एकमेकांचा एक निबंध तपासणार. तात्या, तुम्ही एखादा बघून द्याल का? अक्षर वाईट आहे.

तात्या_दापोलीकर

पाठव. लाल पेन सापडलं नाही तर हिरव्याने तपासीन. अक्षराचे गुण वेगळे कापणार, आधीच सांगतो.

मिरगाचा_पाऊस (संगमेश्वर)

आबांची गोष्ट पटली, तरी माझा आक्षेप जागेवर आहे. आबांना एवढं येतं तर नर्सरी आबांच्या नावावर का नाही? सवय उत्तम, कौशल्य उत्तम, आणि तरी रोजंदारी. कोयकलम, राग मानू नका. मुलांमधलं एखादं हा प्रश्न विचारणारच, आणि त्याला 'सवयी चांगल्या असल्या की यश मिळतं' हे उत्तर पुरणार नाही.

कोयकलम (लांजा)

राग नाही. प्रश्न बरोबर आहे आणि त्यात मीही आहे. जमीन माझ्या वडिलांची, आबांकडे जमीन नव्हती. उत्तर एवढंच आहे आणि मुलांनी विचारलं तर हेच देईन. दोन वर्षांपूर्वीपासून जगलेल्या कलमामागे त्यांना रोजाच्या वर वाटा मिळतो. तो पुरेसा आहे असा दावा नाही.

सुरंगी (गुहागर)

मग तुम्ही कशाला बोलताय वाचनालयात? आबांना न्या.

कोयकलम (लांजा)

विचारलं. म्हणाले, स्टेजवर चढणार नाही, माईक धरणार नाही, हार घालून घेणार नाही. पोरांना चाकू धरायला देणार असाल तर येतो. ग्रंथपालबाई आधी दचकल्या, मग म्हणाल्या मागच्या अंगणात करू, वाचनालयात माती नको. कार्यक्रम जूनअखेर होता तो जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ढकललाय, कारण त्याआधी कोंब तयार नसतील. काण्यांवर मी दहा मिनिटं बोलेन, सुरंगीताईंच्या रामजींवर आणखी पाच. बाकी वेळ आबांचा.

आता अडचण एकच. मुलांना पुरतील एवढ्या रायवळच्या कोयी पाहिजेत. आमच्याकडच्या यंदा नर्सरीलाच लागणार.

बांगडा (मालवण)

कोयी मी धाडतंय. हॉटेलात रसासाठी रायवळ येतंत, रोज टोपलीभर कोयी उकिरड्यार जातत. गोणी भरून एस्टीत टाकतंय, लांज्याक उतरून घेवा. धुवून सावलीत सुकवूच्यो काय तशोच धाडूच्यो?

कोयकलम (लांजा)

धुवून. गर राहिला तर वाटेत बुरशी धरते. उन्हात अजिबात नको, आणि प्लॅस्टिकच्या गोणीत नको, तागाच्या गोणीत भरा. खाऊन झाल्यावर जास्त दिवस ठेवू नका, कोयीचं बी सुकलं की रुजत नाही. कोणत्या गाडीत टाकलंत ते इथे लिहा, कंडक्टरला मी लांजा स्टँडवर गाठतो.